खिळ्याला झालेली कावीळ

माझा जीव कुणी वाचवला याबद्दल आमच्या नातेवाइकांत कधी दुमत नव्हतं. आत्यानं वाचवला. मी दोन वर्षं गोळ्या गिळल्या, पाठीच्या कण्यात सुया टोचून घेतल्या, डोक्यावरचा केस न् केस घालवला, ते सगळं आपलं वेळ जावा म्हणून. खरं काम केलं ते आत्यानं बदलापूरच्या पुढच्या एका गावातून आणलेल्या काड्यांच्या माळेनं. आत्या आता नाही. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलणार आहे.

आम्ही उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये राहायचो, बाजारातल्या एका गाळ्याच्या वरच्या दोन खोल्यांत. खाली एका सिंध्याचं दाल पकवानचं दुकान होतं. पहाटेपासून त्याच्या कढईचा वास जिन्यानं वर यायचा. बाबा जवळच्याच एका जीन्सच्या कारखान्यात कटिंग मास्तर होते. संध्याकाळी घरी यायचे तेव्हा त्यांची नखं निळी असायची. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. आजी लवकर गेली, तेव्हा हिनंच बाबांना वाढवलं. पुढे ही विधवा झाली आणि आमच्याकडे राहायला आली. बाबा तिच्यापुढे मान वर करत नसत आणि आई तोंड उघडत नसे. नणंद आणि तीही सासूच्या जागी, म्हणजे विषयच संपला.

ऐंशीच्या दशकाचा मध्य असेल, मी नववीत होते. आधी हिरड्यांतून रक्त यायला लागलं. आत्या म्हणाली, दात जोरात घासते. मग पायांवर काळेनिळे डाग उठले. शाळेतल्या बाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, घरी कुणी मारतं का. मला हसू आलं, कारण आमच्या घरात मारायची हिंमत फक्त आत्याची होती आणि ती शब्दांनीच मारायची. गल्लीतल्या डॉक्टरनं रक्त वाढवायचं टॉनिक दिलं. ताप हटेना तेव्हा कल्याणला रक्त तपासलं, आणि तिथल्या माणसानं बाबांना आत बोलावून दार लावून घेतलं. बाबा बाहेर आले आणि माझ्याकडे न बघता माझी चप्पल सरळ करून ठेवायला लागले. तेव्हा मला कळलं की काहीतरी फार वाईट आहे.

मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात आम्हाला एक डॉक्टरबाई मिळाल्या. त्या मुलांशीही मोठ्यांसारखं बोलायच्या, म्हणून मला आवडायच्या. आजार रक्ताचा कॅन्सर होता. त्यांनी सांगितलं, एकच औषध दिलं तर आजार दबतो आणि काही दिवसांनी परत डोकं वर काढतो. म्हणून आता तीन-चार औषधं एकत्र द्यायची. घरात चोर शिरला तर नुसतं पुढचं दार अडवून चालत नाही, मागचंही अडवावं लागतं आणि खिडकीशीही कुणीतरी उभं राहावं लागतं, तसं. पण कोणती औषधं, किती, कुठल्या क्रमानं, हे अजून तपासणं चाललं होतं. अर्ध्या मुलांना एका पद्धतीनं देत होते, अर्ध्यांना दुसऱ्या. आईनं धीर करून विचारलं, "त्यातली चांगली कोणती?"

"ते माहीत असतं तर दोन गट कशाला केले असते?" डॉक्टरबाई म्हणाल्या. "एकाच गटाकडे बघितलं तर माणूस फसतो. औषधानं बरं वाटलं की आपोआप वाटलं, ते कळत नाही. म्हणून शेजारी दुसरा गट ठेवून बघायचं."

हे वाक्य मी पाठ केलं. माझ्या आयुष्यात इतक्या मोठ्या माणसानं "माहीत नाही" म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकत होते. आमच्या घरी आत्याला सगळं माहीत असे. घरी आल्यावर तिनं आईला फैलावर घेतलं. "पोरीवर प्रयोग करतायत आणि तू मान डोलावून आलीस? उंदीर आहे का ती?"

वॉर्डात माझ्या शेजारच्या खाटेवर अंबरनाथची एक मुलगी होती, माझ्याहून वर्षानं लहान. तिचे वडील तिथल्या एका केमिकलच्या कारखान्यात कामगार, आई वांगणीकडच्या एका वाडीतली. आम्ही दोघी एकाच गटात, दोघींना सारखीच औषधं. केस एकाच आठवड्यात गेले. त्यातल्या एका औषधानं राक्षसी भूक लागायची आणि तोंड पुरीसारखं फुगायचं. ती रोज मला सांगायची, घरी गेल्यावर काय काय खाणार. यादी लांबलचक असे, पण शेवट नेहमी कांदाभजीवर. "आयेच्या हातची. कुरकुरीत. कढईतून काढली की तश्शीच तोंडात." बोलताना ती डोळे मिटून घ्यायची. सुई टोचताना ती कधी रडली नाही, मी मात्र हॉस्पिटल डोक्यावर घ्यायची. तेव्हा ती मला म्हणायची, "अगं, रडतेस काय, भजीचा विचार कर."

दोघींचाही आजार दबला. रक्तात वाईट पेशी दिसेनाशा झाल्या. डॉक्टरबाईंनी दोघींच्या घरच्यांना एकत्र बसवून निक्षून सांगितलं, "दिसत नाहीत म्हणजे नाहीत असं नाही. आता दोन वर्षं रोजच्या गोळ्या. पोरगी ठणठणीत दिसेल, शाळेत जाईल, तरी गोळ्या चुकवायच्या नाहीत. या औषधांची खरी परीक्षा आता आहे." अंबरनाथच्या मुलीच्या वडलांनी हात जोडले. तो माणूस सतत हात जोडायचा, डॉक्टरला, वॉर्डबॉयला, लिफ्टवाल्यालासुद्धा.

काही महिन्यांनी माझे डोळे पिवळे झाले. डॉक्टरबाई म्हणाल्या, गोळ्यांचा ताण यकृतावर आलाय. थोडे दिवस गोळ्या थांबवू, पिवळेपणा उतरला की कमी करून परत सुरू करू. आईला नीट समजलं होतं. पण आम्ही घरी पोचायच्या आत आत्या बदलापूरला जाऊन आली होती.

बदलापूरच्या पुढे बारवीच्या बाजूला एक म्हातारा शेतकरी काविळीची माळ द्यायचा. आमच्या भागात ही गोष्ट इतकी रुळलेली की डॉक्टरकडे काविळीसाठी कुणी जातच नसे. काविळीला इंग्रजी औषध नसतंच, असं शिकलेली माणसंही म्हणायची. कसल्याशा रानटी काड्यांचे बोटभर तुकडे, कच्च्या दोऱ्याच्या सरक्या गाठी मारून ओवलेले. माळ एवढीशी असते. ती मुकुटासारखी डोक्यावर बसवायची. दिवसागणिक ती वाढते, कपाळावरून घसरून गळ्यात येते, मग छातीवर, मग पोटावर. जितकी माळ वाढेल तितकी कावीळ उतरली. शेवटी ती पायातून काढून वाहत्या पाण्यात सोडायची. माळ अंगावर आहे तोवर पथ्य कडक. तेल नाही, हळद नाही, फोडणी नाही, आणि इंग्रजी औषधाचा कणसुद्धा नाही. औषध पोटात गेलं तर माळ रागावते म्हणे.

टक्कल पडलेल्या डोक्यावर ती माळ कशी दिसत असेल याची कल्पना करा. मला आरशात बघून इतका संताप आला होता की मी आरसा उलटा करून ठेवला. पण गोळ्या तशाही डॉक्टरबाईंनीच थांबवलेल्या, त्यामुळे आई गप्प बसली. भांडणात कुठे पडायचं, असा तिचा हिशेब.

आत्यानं माळा दोन आणल्या होत्या, एक तुटलीच तर दुसरी असावी म्हणून. मी ती दुसरी घेतली आणि स्वयंपाकघरात जिथे चाळण टांगायचो त्या खिळ्याला अडकवली. एकाच गटाकडे बघून माणूस फसतो ना? मग शेजारी दुसरा गट ठेवला. एक माळ मला, एक खिळ्याला.

माझी माळ कपाळावरून गळ्यात आली तोवर खिळ्यावरची चाळणीच्या खाली आली होती. माझी छातीवर आली तेव्हा तीही तेवढीच झाली होती. काड्या ओल्या असताना बांधतात, वाळल्या की आक्रसतात, गाठी सैल होतात, दोरा सुटत जातो. यात माझ्या यकृताचा काही संबंध नव्हता. मी आत्याला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं आणि म्हटलं, "आत्या, बघ. खिळ्याला पण कावीळ झालीय."

बाबा खो खो हसले. बऱ्याच महिन्यांनी हसले होते. आत्यानं खिळ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि जराही न अडखळता म्हणाली, "बघितलंस? केवढी शक्ती आहे ती! घरातली उरलीसुरली पीडा तिनं ओढून घेतली." आणि खिळ्याला नमस्कार केला.

पथ्याचीही गंमत सांगते. माळ गळ्यात असताना एका सकाळी आत्या देवळात गेली होती. खालून दाल पकवानचा वास आला आणि मला राहवेना. आईनं पटकन खाली जाऊन एक पुडकं आणलं. तेलात तळलेलं पकवान, वर फोडणीची डाळ, मी बोटं चाटून खाल्लं. डॉक्टरबाईंनी तेलकट टाळायला सांगितलं होतं, तेव्हा शहाणपणाचं नव्हतंच ते. पण माळ काही रागावली नाही. दुसऱ्या दिवशी उलट आणखी वाढली होती.

माझे डोळे पांढरे झाले. गोळ्या थांबल्या म्हणून झाले. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. डॉक्टरबाईंनी गोळ्या परत सुरू केल्या आणि आई त्या मला आत्याच्या नजरेआड द्यायची, वाद नको म्हणून. त्यामुळे आत्याच्या लेखी माझ्या गोळ्या कायमच्या बंद झाल्या होत्या, आणि मी माळेवर बरी झाले होते.

पुढच्या तपासणीला आत्या हट्टानं आमच्याबरोबर आली. आई केसपेपर काढायचा आहे असं आत्याला सांगून गोळ्यांच्या खिडकीपाशी रांगेत गेली आणि आम्ही बाकावर बसलो. तिथे अंबरनाथची ती मुलगी आणि तिचे वडील भेटले. तिचे डोळे पिवळे होते. तिलाही डॉक्टरबाईंनी तेच सांगितलं होतं, थोडे दिवस गोळ्या बंद, मग परत. वडील घाबरलेले, कुणीतरी काहीतरी सांगावं म्हणून ताटकळलेले. आणि आत्या सांगायला टपलेली.

"आमच्या हिची बघा कशी उतरली," आत्या म्हणाली. "माळ घातली आणि त्या विषारी गोळ्या बंद केल्या. आता बघा, गाल कसे आलेत. गोळ्यांनीच कावीळ झाली, हे तर तुमच्या डॉक्टरीणबाईच सांगतात ना? मग परत त्याच कशाला द्यायच्या?"

"आत्या, गोळ्या बंद नाहीत," मी म्हटलं. "आणि माळ खिळ्यावर पण वाढते. मी बघितलंय."

"मोठी माणसं बोलत असताना मधे बोलू नये," आत्या म्हणाली. त्या मुलीच्या वडलांनी माझ्याकडे बघून कौतुकानं मान हलवली, लहान मुलाच्या बडबडीला हलवतात तशी. मग आत्यापुढे हात जोडले. "ताई, गावाचं नाव सांगा."

आई रांगेतून परत आली तेव्हा मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "घरी गेल्यावर बोलू." घरी गेल्यावर आत्या होती, म्हणजे बोलणं झालं नाही. मी आईवर फार चिडले होते. आजही पूर्ण शांत झालेले नाही.

त्या मुलीची कावीळही उतरली. उतरणारच होती. तिची माळ पोटापर्यंत आली, रंग उजळला, भूक लागली, आणि घरच्यांनी ठरवलं, आता त्या विषाकडे परत जायचं नाही. हॉस्पिटलातून त्यांना पत्रं गेली, निरोप गेला. वडील एकदा येऊन हात जोडून सांगून गेले, पोरगी छान आहे, तुमचे उपकार आहेत. काही महिने ती खरोखरच छान होती. शाळेत धावण्याच्या शर्यतीत उतरली, असं मला नंतर कळलं. मग ताप आला, हिरड्यांतून रक्त आलं, आणि तिला परत आणलं तेव्हा औषधांना ती दाद देईना. मी तपासणीला गेले तेव्हा वॉर्डात डोकावले, तर तिच्या खाटेवर दुसरंच कुणी होतं.

मी डॉक्टरबाईंना विचारलं, "गोळ्या घेतल्या असत्या तर जगली असती?"

त्या म्हणाल्या, "असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. गोळ्या नीट घेऊनही काही मुलं जातात. पण तिला संधी होती, तुझ्याएवढीच. ती तिला मिळाली नाही." आणि मग वैतागून टेबलावर पेन आपटलं. "औषध हरलं असतं तर मला काहीतरी कळलं तरी असतं. इथे औषधाला खेळायलाच मिळालं नाही."

मी दोन वर्षं पुरी केली. आजार परत आला नाही. केस आले, आधीपेक्षा कुरळे. मी बी.कॉम. झाले आणि बाजारातल्या एका कापडाच्या दुकानात कामाला लागले. दशक बदललं, गाळ्यागाळ्यांत शिलाईची यंत्रं वाढली, शेअर रिक्षांची गर्दी झाली, आणि आत्याचा दरबारही वाढला. कुणाच्याही घरी कावीळ झाली की ते आमच्या जिन्यानं वर यायचे. आत्या मला हाक मारायची. "हिला बघा. रक्ताचा कॅन्सर होता. माळेनं गेला." आता काविळीबरोबर कॅन्सरही माळेच्या खात्यात जमा झाला होता. मी खिळ्याची गोष्ट सांगायची. लोक हसायचे आणि गावाचा पत्ता घेऊन जायचे. आत्या म्हणायची, "ज्या देवानं वाचवलं त्यालाच शिव्या देते. कृतघ्न कार्टी."

असाच एक रविवार होता. दार वाजलं, मी उघडलं, तर बाहेर ते दोघं उभे होते, अंबरनाथच्या मुलीचे आईवडील. वडील पिकले होते, पण हात तसेच जोडलेले. आई त्यांच्या मागे, दारातच बसली, आत यायला तयार होईना. त्यांच्या धाकट्या मुलीचे डोळे पिवळे झाले होते. माळ देणारा म्हातारा वारला, आता कोण देतं, ते विचारायला ते आत्याकडे आले होते.

"मोठीच्या वेळेला चूक झाली, ताई," वडील आत्याला म्हणाले. "तुमी सांगितलं होतं, पथ्य पाळा. माळ बरोबर उतरत होती. पण हिनं पोरीला भजी चारली. पोरगी मागते म्हणून दोन भजी तळून दिली, माळ गळ्यात असताना. म्हाताऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, मग माझ्याकडे इलाज नाही. म्हणून आजार उलटला. या टायमाला घरात तेलाचा थेंब येऊ देणार नाय."

हे सगळं तो अगदी सरळ, न चिडता बोलला. इतक्या वेळा बोलून झालं होतं की त्यात राग उरला नव्हता. बाई दारात पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती. आत्यानं तिच्याकडे बघून जीभ चुकचुकवली.

माझं डोकं फिरलं. मी त्याच्याशी बोललेच नाही. दारात जाऊन बाईसमोर खाली बसले. "काकू, मीसुद्धा माळ गळ्यात असताना दाल पकवान खाल्लं होतं. तळलेलं, फोडणीचं, पोटभर. मला काही झालं नाही. भजीनं तुमची मुलगी गेली नाही."

"मंग?" ती म्हणाली.

"माझ्या गोळ्या परत सुरू झाल्या होत्या. तिच्या झाल्या नाहीत."

"काहीतरी बोलू नकोस," आत्या कडाडली. "बंद होत्या हिच्या गोळ्या. मला माहीत नाही का? मी या घरातच होते."

तेव्हा आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. हात पिठाचे होते. आत्यासमोर तिनं उंच आवाजात बोललेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. तेव्हाही आवाज उंच नव्हता. "बंद नव्हत्या, वन्सं," ती म्हणाली. "मी देत होते. दोन वर्षं रोज, तुमच्यापासून लपवून. हे तेव्हाच सांगायला हवं होतं."

खालच्या दुकानातली कढई ऐकू येत होती. बाईनं माझ्या मनगटाला धरलं. "भजीनं नाय ना?"

"नाही, काकू."

"खरं सांग. भजीनं नाय ना?"

"नाही. शप्पथ."

"मी परत चुलीवर कढई ठेवली नाय गं," ती म्हणाली. "सणाला पण नाय. हे, यांची आई, माझा दीर, सगळे म्हणत होते. मी पण म्हणत होते." मग तिनं नवऱ्याकडे बघितलं. किती वेळ बघितलं ते सांगता येणार नाही, मला मात्र तिथून उठून पळून जावंसं वाटत होतं. एका माणसाच्या डोक्यावरची धोंड मी दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवली होती, आणि तो दुसराही बापच होता, त्यालाही कुणीतरी काहीतरी सांगावं एवढंच हवं होतं. त्याची मला कीव आली. पण मी शब्द मागे घेतला नाही, आणि घेणारही नव्हते.

ती उठली, पदर खोचला आणि मला विचारलं, "धाकटीला कुठल्या डाक्टरकडं नेऊ?" मी पत्ता सांगितला. तिनं दोनदा म्हणून पाठ केला, आणि नवऱ्याची वाट न बघता जिना उतरून गेली.

तो बसूनच राहिला. हात जोडायचे विसरला होता, ते गुडघ्यांवर नुसते पडले होते. आत्यानं त्याच्यापुढे चहाचा कप सरकवला आणि प्रेमानं, अगदी प्रेमानं म्हणाली, "ही पोरं काहीही बोलतात. पण तुम्हीच सांगा, पथ्य तर मोडलं होतंच ना?"

त्यानं कप दोन्ही हातांनी धरला. "मोडलं होतं," तो म्हणाला.